बर्फातलं गिर्यारोहण, दुसरा टप्पा: सोलांगच्या उतारांवर गाइडकडून काय आणि कसं शिकायचं

बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स झाला आहे, सह्याद्रीत रॅपलिंग (दोरावरून उतरणं), जुमारिंग (दोरावर चढणं), बिले (जोडीदाराचा दोर सांभाळणं) ही कामं हाताखालून गेली आहेत आणि आता हिवाळ्यातल्या बर्फावर नीट वावरायला शिकायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. जागा म्हणून मनालीच्या वरचा सोलांग–धुंदी–ब्यास कुंड हा पट्टा धरला आहे. मनालीहून गाडीने पोहोचता येतं, शिकण्याजोगे उतार अडीच ते साडेतीन हजार मीटरवरच मिळतात आणि उंचीचा त्रास आटोक्यात राहतो. पाच ते सहा दिवस सरावाचे आणि दोन दिवस हवामानासाठी राखीव ठेवा. जोराचा बर्फ पडला की मनाली–सोलांग रस्ता बंद होतो, त्यामुळे परतीचं तिकीट राखीव दिवस धरूनच काढावं.

महिना निवडताना घाई करू नका. डिसेंबरअखेरीस बर्फाचा थर पातळ आणि खालून पोकळ असतो, दगड मधेमधे डोकावतात. जानेवारीत एकामागून एक पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळं, येतात, बर्फ कंबरभर होतो आणि निम्मी ताकद वाट पाडण्यात जाते. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर हा काळ शिकणाऱ्यासाठी सगळ्यात चांगला: थर बसलेला, पहाटे कडक, दुपारी मऊ. एकाच दिवसात तीन प्रकारचा बर्फ पायाखालून जातो.

गाइड ठरवताना

बेसिक कोर्समध्ये दोर प्रशिक्षक लावतात आणि आपण चढतो. दुसऱ्या टप्प्यावर हे उलटं व्हायला हवं. अँकर, म्हणजे दोर अडकवायचा आधार, तुम्ही बांधायचा आणि गाइडने तो ओढून, उखडून दाखवायचा. वाट तुम्ही निवडायची आणि गाइडने "इथूनच का?" विचारायचं. शिखरावर नेऊन आणणारा गाइड आणि शिकवणारा गाइड ही दोन वेगळी कामं आहेत. ठरवतानाच "आम्हाला शिखर नको, निर्णय कसे घेतात ते शिकायचंय" असं स्पष्ट सांगा.

त्याला विचारायचे प्रश्न थोडे आणि नेमके ठेवा. बेसिक, ॲडव्हान्स आणि मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (शिकवण्याची पद्धत) हे तिन्ही कोर्स झालेत का? सर्च अँड रेस्क्यू आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधीचं आहे? मागच्या हिवाळ्यात याच खोऱ्यात काम केलं का? ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई), फावडं प्रत्येकाला मिळेल का? कोणत्या परिस्थितीत तो दिवस रद्द करतो? शेवटच्या प्रश्नाला ठोस उत्तर आलं नाही तर दुसरा गाइड शोधा. मूलभूत सरावासाठी एका गाइडमागे चार जण चालतात. दोर बांधून तीव्र उतारावर चढायचं असेल तर दोनच हवेत. आठ-दहा जणांच्या ग्रुपमागे एक गाइड असेल तर दिवसाचा बराचसा वेळ रांगेत गारठण्यात जातो.

साहित्य: काय आणायचं, काय भाड्याने घ्यायचं

बूट आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायची दातेरी चौकट) यांची जोडी जमणं महत्त्वाचं. मऊ तळव्याच्या ट्रेकिंग बुटावर पूर्ण ताठ क्रॅम्पॉन चढवला तर चालताना बूट वाकतो, क्रॅम्पॉन वाकत नाही. तो निसटतो किंवा मधली पट्टी तुटते. ताठ तळव्याचा माउंटेनिअरिंग बूट आणि बारा दातांचा क्रॅम्पॉन घ्या, खाली बर्फ चिकटू न देणारी रबरी प्लेट असलेला. दुकानातच बूट क्रॅम्पॉनमध्ये बसवा, पट्टे न बांधता उचलून हलवा. क्रॅम्पॉन लटकून राहिला तर माप बरोबर. पट्ट्यांची टोकं बाहेरच्या बाजूला खोचा. आतल्या बाजूला लोंबणारा पट्टा दुसऱ्या पायाच्या दातात अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो.

आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) ५५ ते ६० सेंटीमीटरची पुरते. काठीसारखी उंच ॲक्स चालायला बरी वाटते, पण घसरताना ती छातीशी आणता येत नाही. शिवाय हेल्मेट, हार्नेस, तीन-चार स्क्रू कॅराबिनर, १२० आणि २४० सेंटीमीटरचे स्लिंग (पट्टीचे फास), प्रुसिकसाठी (दोरावर आवळणारी गाठ) ६ मिलिमीटर दोरीचे दोन तुकडे, गेटर (बूट-पोटरीवरचं आवरण), कॅटेगरी ४ चा, म्हणजे सर्वांत गडद, चष्मा आणि हेडटॉर्च. हातमोजे तीन जोड्या: चालायला पातळ, कामाला जाड, आणि सॅकमध्ये कोरडी राखीव जोडी. दिवसभर अँकर खणताना पहिली जोडी भिजणार हे धरूनच चला. पाण्याची बाटली उलटी ठेवा; बर्फ वरून धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं. नळीची पाण्याची पिशवी घरीच ठेवा.

पहिला दिवस: पायांची जुनी सवय मोडणं

सह्याद्रीत घसाऱ्यावर वाढलेला माणूस पाय घसरेल वाटलं की डोंगराकडे झुकतो आणि हात टेकतो. क्रॅम्पॉनवर हीच सवय घात करते. अंग डोंगराकडे कललं की वजन बुटाच्या वरच्या कडेवर जातं, खालच्या बाजूचे दात बर्फातून सुटतात आणि पाय सटकतो. उपाय एकच: अंग सरळ उभं आणि घोटा उताराकडे वाकलेला, म्हणजे पुढचे दोन सोडून सगळे दात एकदम रुततील.

आधी क्रॅम्पॉनशिवाय दोन तास घालवा. बुटाच्या कडेने कापत पायऱ्या पाडणं, टोकाने लाथ मारून उभं चढणं, उतरताना टाच रोवणं. टाच रोवताना गुडघा किंचित वाकलेला आणि अंग पुढे हवं. मागे रेललात की पाय खालून निघालेच. मग क्रॅम्पॉन घाला. पाय नितंबाएवढे दूर ठेवून टाका, पँट फाटणं आणि अडखळणं दोन्ही टळतं. साधारण ३० अंशांपर्यंत सपाट पाऊल, त्यापुढे एक पाय सपाट आणि दुसऱ्याचे पुढचे दात, अशी पद्धत पोटऱ्यांना विश्रांती देते. दोन्ही पायांच्या पुढच्या दातांवर सगळा उतार चढणारा माणूस अर्ध्या तासात थरथरायला लागतो आणि थरथरता पाय नीट रुतत नाही. पुढचे दात रोवताना टाच खाली ठेवा. टाच वर गेली की दात निसटतात.

बर्फ ओला असेल तर रबरी प्लेट असूनही तळव्याखाली गोळा जमतो. दर काही पावलांनी ॲक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला टकटक करून तो झाडा.

ॲक्स नेहमी डोंगराकडच्या हातात. नागमोडी चढताना वळणावर आधी दोन्ही पाय पक्के करा, ॲक्स रोवा, मग हात बदला. घसरण्याचे बरेच प्रसंग याच अदलाबदलीत घडतात.

दुसरा दिवस: घसरण थांबवणं

सेल्फ अरेस्ट (ॲक्सने स्वतःची घसरण थांबवणं) बेसिकमध्ये शिकवलेला असतो, तरी सगळा क्रम नव्याने करा. जागा गाइड निवडेल, पण काय पाहून निवडतो ते विचारा. खाली उतार आपोआप सपाट होत गेलेला हवा, वाटेत दगड, झाड, ओढा नको. सरावात क्रॅम्पॉन काढलेले, हेल्मेट आणि हातमोजे घातलेले, दोर सोडलेला.

ॲक्सचं डोकं एका हातात, ॲड्झ (डोक्याचं रुंद पातं) खांद्याच्या आणि मानेच्या मधल्या खळग्यात, दांडा छातीवरून तिरका, दुसरा हात खालच्या टोकावर कमरेपाशी. तोंड ॲड्झपासून दुसरीकडे. मग छातीचं वजन पिकवर, म्हणजे डोक्याच्या टोकदार चोचीवर. केवळ हाताच्या ताकदीने पिक रोवायला गेलात तर ॲक्स हातातून हिसकली जाते. क्रॅम्पॉन असल्यासारखे पाय गुडघ्यातून वर उचलूनच सराव करा, कारण खऱ्या घसरणीत दात अडकले की माणूस उलटा फेकला जातो आणि घोटा मोडतो. चार अवस्था: पाय खाली पालथं, पाय खाली उताणं, डोकं खाली पालथं, डोकं खाली उताणं. शेवटच्या दोन्हींत पिक बाजूला रोवून पाय खाली फिरू द्यायचे, मग नेहमीची पकड. दोन्ही हातांनी सराव करा. एका बाजूने जमतं आणि दुसऱ्या बाजूने गोंधळ उडतो.

कडक बर्फावर सेकंद-दोन सेकंदांत थांबला नाहीत तर वेग आवरत नाही. म्हणून सेल्फ अरेस्टच्या भरवशावर उतार निवडायचा नाही. पाऊल न घसरू देणं आणि घसरता क्षणीच ॲक्स दाबणं, यालाच सरावाचा मोठा वेळ द्यावा.

तिसरा आणि चौथा दिवस: बर्फातले अँकर

सह्याद्रीत बोल्ट ठोकला की निश्चिंत. बर्फाचं तसं नाही; अँकरची ताकद अवजारात कमी आणि समोरच्या बर्फात जास्त असते. म्हणून प्रत्येक अँकर बांधून तो मुद्दाम उखडेपर्यंत ओढायचा, आणि कुठून फुटला ते खाली वाकून बघायचं. हे दोन दिवस सगळ्यात मोलाचे आहेत. गाइड यात घाई करत असेल तर त्याला थांबवा.

पुरलेली ॲक्स. ओढ ज्या दिशेने येणार तिला काटकोनात आडवा चर खणा, कडक बर्फात साधारण ४० ते ५० सेंटीमीटर खोल, मऊ बर्फात त्याहून जास्त. चराची पुढची भिंत किंचित आत कलती ठेवा. ॲक्स पिक खाली करून आडवी बसवा. स्लिंग दांड्याच्या बरोबर मध्यावर बांधायचा नाही; डोक्याचा भाग रुंद असल्याने दोन्हीकडे सारखं क्षेत्रफळ राहील अशा बिंदूवर, म्हणजे मध्यापासून थोडा डोक्याकडे. तो चुकला की ॲक्स एका टोकाने फिरून बाहेर येते. स्लिंगसाठी ओढीच्या दिशेने उभा अरुंद चर कापा, ॲक्सच्याच खोलीपासून सुरू होऊन हळूहळू वर येणारा. बहुतेकांचा अँकर इथेच निकामी होतो: चर उथळ राहिला की स्लिंग ॲक्सला वर उपटतो. पुढच्या भिंतीसमोरच्या बर्फावर पाय ठेवू नका, कोणाला ठेवू देऊ नका. सगळा भार तोच बर्फ घेणार आहे.

अँकरच्या दोन-अडीच मीटर खाली नितंब रुतेल असा खड्डा खणून बसा, टाचांसाठी खाचा करा आणि अँकरला ताणून बांधून घ्या. खड्डा चांगला असेल तर बहुतेक झटका तुमच्या बैठकीतच जिरतो आणि अँकरवर थोडाच येतो. अँकर आणि बैठक मिळून बिले होतो, असं धरा.

स्नो पिकेट, म्हणजे बर्फात रोवायची धातूची लांब मेख. हातोडीशिवाय हाताने दाबून आत जात असेल तर त्या बर्फात उभा पिकेट धरणार नाही. तो आडवा पुरा. ठोकावा लागत असेल तर वरचं टोक ओढीच्या विरुद्ध बाजूला थोडं कललेलं ठेवून ठोका आणि कॅराबिनर बर्फाच्या पृष्ठभागालगतच अडकवा. अर्धा पिकेट बाहेर ठेवून वरच्या भोकात दोर अडकवणं म्हणजे स्वतःच तरफ बांधणं.

बोलार्ड. काही साहित्य मागे न सोडता उतरायचं असेल तर बर्फाचाच खुंट कोरायचा, घोड्याच्या नालेसारखा. कडक बर्फात रुंदी मीटर-दीड मीटर आणि खोली ३० सेंटीमीटर पुरते. मऊ बर्फात रुंदी तीन मीटरपर्यंत आणि खोली अर्ध्या मीटरहून जास्त लागते. मागची कड आत कोरलेली हवी, नाहीतर दोर वर सरकून निसटतो. दोर करवतीसारखा मागेपुढे होऊ देऊ नका. सगळ्यात जड माणूस पहिला उतरतो, तेव्हा मागे पुरलेल्या ॲक्सचा सैल बॅकअप असतो. बोलार्ड हललं नाही तर शेवटचा, वजनाने हलका माणूस बॅकअप काढून उतरतो.

हे सगळं जाड हातमोजे घालून करा. आठची गाठ, क्लोव्ह हिच, इटालियन हिच आणि प्रुसिक या चार गाठी हातमोज्यांत बांधता येत नसतील तर ते घरून निघण्याआधीच जमवून ठेवा, बर्फात त्यासाठी वेळ नसतो.

दोरावर एकत्र चालण्याबद्दल

दोर बांधला म्हणजे सुरक्षित, ही समजूत कड्यावरून येते. तिथे दोर कशाला तरी अडकवलेला असतो. तीव्र, कडक बर्फावर तीन सारख्या तयारीचे मित्र दोराने एकमेकांना बांधून अँकरशिवाय चालले आणि एक घसरला, तर उरलेल्या दोघांना बहुतेक वेळा पाय सावरायला वेळच मिळत नाही. गाइड आखूड दोरावर तुम्हाला नेतो तेव्हा तो वर असतो, दोर ताणलेला ठेवतो, हातात जेमतेम दोन-तीन वेटोळी असतात, आणि घसरण सुरू होण्याआधीच तो पाऊल थोपवतो. हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम आहे आणि या कोर्समध्ये ते तुम्हाला येणार नाही. तुम्ही शिकायचं ते एवढंच: कोणत्या उतारावर दोर सोडून प्रत्येकाने स्वतःच्या पायावर जायचं, कोणत्या ठिकाणी अँकर करून एकेकाला घ्यायचं, आणि कुठे परत फिरायचं.

हिमनदीवर गणित वेगळं. तिथे उतार कमी आणि धोका खाली लपलेल्या हिमभेगांचा, म्हणून दोर हवाच. हिमभेगेतून माणूस वर काढायची पुली पद्धत मात्र सोलांगच्या एखाद्या बर्फाच्या उभ्या कडेवरच शिकून घ्या.

हिमस्खलन: रोज सकाळचा अभ्यास

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीतल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर ॲडव्हान्स कोर्सच्या तुकडीवर हिमस्खलन आलं आणि २९ जण गेले. ते प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक होते, संस्थेच्या शिस्तीत चढत होते. म्हणून हा विषय एका व्याख्यानात न संपवता रोज घ्या.

सुरुवात खोलीतून. डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर आणि लडाखसाठी हिमस्खलनाचा इशारा देते. तो मोठ्या भागासाठी असतो, समोरच्या घळीसाठी नसतो. त्यात हवामान खात्याचा अंदाज जोडा: किती बर्फ पडला, वारा कुठून होता, तापमान वाढतंय का. चोवीस तासांत ३० सेंटीमीटर किंवा जास्त नवा बर्फ आणि जोडीला वारा असेल तर तीव्र उतार त्या दिवशी बाद.

मग उतार मोजा. स्लॅबची (एकसंध थर सुटून येणारी) स्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. होकायंत्रातल्या क्लिनोमीटरने मोजायला शिका, कारण डोळा नेहमी चुकतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाने अंदाज लिहून मग मोजावा. आपण ज्यावर उभे आहोत तो उतार सौम्य असला तरी डोक्यावर काय आहे ते बघायचंच. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, धारेच्या मागे, बर्फ दाबून भरतो आणि स्लॅब होतो. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर थराच्या तळाशी साखरेसारखे सुटे कण कित्येक आठवडे टिकतात आणि वरचा थर धरून ठेवत नाहीत. दक्षिणेचा उतार सकाळी चांगला असतो, पण मार्चमध्ये ऊन चढलं की तोच ओला होऊन सुटतो, म्हणून अकराच्या आत तिथून खाली.

पायाखालून धप्प असा दबका आवाज आला, पावलापासून बर्फात तडे पळाले, किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर कुठलीही चाचणी करत बसू नका. मागे फिरा. चाचणी शिकायची ती थर ओळखण्यासाठी: ३० बाय ३० सेंटीमीटरचा खांब मोकळा कापून त्यावर फावडं ठेवा. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापा. कितव्या थापेला आणि कसा तुटला ते नोंदवा. सपकन सरकून तुटला तर ते वाईट लक्षण. न तुटणं म्हणजे उताराला दिलेला परवाना नव्हे, दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो.

शोधाचा सराव निदान तीनदा करा. ट्रान्सीव्हर कपड्यांच्या आत, हार्नेससकट, सकाळी खोलीतून निघताना चालू आणि परत येईपर्यंत चालूच. मोबाइल त्यापासून कमीत कमी २० सेंटीमीटर दूर, आणि शोधताना अर्धा मीटर. निघताना प्रत्येकाने गाइडसमोरून एकेक जाऊन सिग्नल तपासून घ्यावा. एक सॅक चालू ट्रान्सीव्हरसह मीटरभर खोल पुरा. सिग्नल मिळाला की यंत्रावरच्या बाणाच्या दिशेने पळत. अंतराचा आकडा तीन मीटरच्या खाली आला की यंत्र बर्फालगत, हळू, आडवं-उभं फुलीच्या आकारात. सर्वांत लहान आकड्यापासून प्रोब उताराला काटकोनात, पंचवीस सेंटीमीटर अंतराने गोल गोल बाहेर. प्रोब लागला की तो काढायचा नाही. खणायचं ते प्रोबच्या वरून खाली नव्हे, थोडं खाली उतरून आडवं आत. गाडलेल्या माणसाच्या हातात दहा-पंधरा मिनिटं असतात आणि त्यातला जास्त वेळ खणण्यात जातो, म्हणून प्लॅस्टिकचं फावडं आणू नका.

शेवटचे दोन दिवस: वाट तुमची, गाइड मागे

आदल्या रात्री बेत तुम्ही कागदावर मांडा: वाट, तिच्यावरचे अडचणीचे टप्पे, प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ, परत फिरायची वेळ, आणि धुकं उतरलं तर कुठल्या दिशेने निघायचं. गाइड त्यात दोष काढेल. परत फिरायची वेळ ठरली की शिखर वीस मिनिटांवर दिसत असलं तरी ती पाळायची. मार्चमधल्या मऊ पडलेल्या उतारावरून उतरणं हाच दिवसातला मोठा धोका असतो. चालताना दर तासाला थांबून सगळ्यांना तीन प्रश्न: हात-पाय गरम आहेत का, काही बदललं का, पुढे का जायचं? बोटं बधिर झाली तर लगेच काखेत धरा. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. कातडी पांढरी आणि लाकडासारखी कडक झाली असेल तर परत गोठणार नाही अशा ठिकाणी पोहोचेपर्यंत गरम करू नका.

संध्याकाळी गाइडबरोबर अर्धा तास बसा आणि दिवसातला एकच निर्णय घेऊन त्याला विचारा की त्याच्या जागी त्याने काय पाहिलं असतं, जे तुम्हाला दिसलं नाही. उत्तर वहीत लिहा, उताराचा कोन, दिशा आणि वेळेसह.

परत आल्यावर

क्रॅम्पॉन पुसून, कोरडे करून, हलकं तेल लावून ठेवा. कोकणात आणि मुंबईत पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. दातांना धार हातकानसीनेच लावा. ग्राइंडरच्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा जातो. बुटांत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा आणि बंद पिशवीत ठेवू नका: दमट हवेत पॉलियुरेथेनचा मधला थर न वापरताही कुजतो आणि पुढच्या हिवाळ्यात पहिल्याच चढावर तळवा सुटून येतो. निघण्याच्या महिनाभर आधी ते बूट घालून जवळच्या किल्ल्यावर एक फेरी मारा. ट्रान्सीव्हरमधले सेल मात्र घरी पोहोचलात त्याच दिवशी काढून ठेवा.